मेम्फिस १९६८ : पावसात आडोसा न मिळालेली माणसं आणि पासष्ट दिवसांचा संप

दुपारपाळी (धागाकर्ती)

दरवर्षी ४ एप्रिल जवळ आला की मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येबद्दल काही ना काही वाचनात येतं. लॉरेन मोटेल, ३०६ नंबरच्या खोलीपुढची गॅलरी, संध्याकाळचे सहा वाजून एक मिनिट. पण अटलांटाला राहणारा हा माणूस त्या दिवशी टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात कशाला आला होता, असं विचारलं तर आपल्यातले बरेच जण अडखळतात. मीही अडखळायचे. तो आला होता कचरा उचलणाऱ्यांच्या संपासाठी. गेले काही महिने या संपाबद्दल मिळेल ते वाचते आहे, आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात पावसापासून करते.

१ फेब्रुवारी १९६८. इकॉल कोल, वय ३६, आणि रॉबर्ट वॉकर, वय ३०, दोघे मेम्फिस शहराच्या कचऱ्याच्या ट्रकवर होते. दिवसाची फेरी संपत आलेली, पाऊस कोसळत होता. केबिनमध्ये सगळ्यांना पुरेल एवढी जागा नव्हती. वस्ती गोऱ्यांची. तिथे कुणाच्या ओसरीला टेकायचं नाही, कारण कामगार असे उभे राहतात म्हणून रहिवाशांनी तक्रारी केल्या होत्या आणि शहराने मनाई केली होती. मग हे दोघे ट्रकच्या मागच्या पिंपात शिरले, जिथे कचरा दाबला जातो तिथेच. तारांमध्ये बिघाड झाला आणि दाबयंत्र आपोआप सुरू झालं. चालकाने बटण दाबून पाहिलं, यंत्र थांबलं नाही.

दोघांनाही आयुर्विमा नव्हता. तासाच्या बोलीवरचे कामगार असल्यामुळे अपघाताच्या भरपाईचा नियमही लागू नव्हता. शहराने घरच्यांना एका महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले. याच सुमाराला मलनिःसारण विभागात आणखी एक प्रकार झाला होता. पाऊस आला म्हणून कृष्णवर्णीय कामगारांना दोन तासांची मजुरी देऊन घरी धाडलं, आणि गोरे मुकादम मात्र पूर्ण दिवसाचा पगार घेऊन गेले.

काम कसं होतं तेही सांगायला हवं. घरमालकाने पेटी रस्त्यावर आणून ठेवायची अशी पद्धत नव्हती. कामगाराने परसात जायचं, कचरा मोठ्या टबात ओतायचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत यायचं. टब गळके असायचे. त्यातलं पाणी आणि अळ्या मानेवरून कपड्यांत उतरायच्या. आंघोळीची सोय नाही. कित्येक जण घरी पोचल्यावर दारातच कपडे उतरवायचे. मजुरी तासाला १ डॉलर ६० सेंटच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या किमान वेतनाला जेमतेम टेकलेली. पूर्णवेळ राबून सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं त्यांच्यात कितीतरी होती.

१२ फेब्रुवारीला, लिंकनच्या जयंतीच्या दिवशी, सुमारे १३०० जण कामावर गेले नाहीत. गंमत म्हणून गैरहजर राहावं अशी परिस्थिती कुणाचीच नव्हती. त्या आठवड्याच्या पगारावर पुढच्या आठवड्याचा किराणा अवलंबून होता.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आधीच सांगून टाकते. हा संप पगारवाढीसाठी जेवढा अडून बसला, त्याहून जास्त दोन कोरड्या वाटणाऱ्या कलमांसाठी अडून बसला : संघटनेला मान्यता, आणि संघटनेची वर्गणी पगारातून कापून घेणं. किंगचं शेवटचं भाषण सगळ्यांना आठवतं, ही दोन कलमं कुणालाच आठवत नाहीत.

अबोली

दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठवणं आणि मुकादमाला पूर्ण पगार... हे वाचून थांबलेच. दुपारपाळी, वर्गणीच्या कलमाचं नीट सांगशील का? पैसे वाढवायला महापौर तयार आणि वर्गणी कापायला नाही, असं का? आणि संप बेकायदा ठरवला होता असं मी कुठेतरी वाचलंय.

दुपारपाळी

अबोली, हो. महापौर होते हेन्री लोब. १ जानेवारीला पुन्हा महापौरपदावर बसले होते. आधी ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे आयुक्त होते, म्हणजे हाच कचरा विभाग त्यांच्या हाताखाली होता. त्यांना हे काम माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. सार्वजनिक सेवेतल्या माणसाला संपाचा हक्कच नाही, आधी कामावर या मग बोलू, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. १९६६ मध्ये याच कामगारांनी संपाची तयारी केली होती तेव्हा शहराने कोर्टातून मनाई हुकूम आणून तो सुरू होण्याआधीच मोडला. तोच हुकूम १९६८ मध्ये पुन्हा पुढे केला.

आता वर्गणी. टी. ओ. जोन्स नावाचा एक कामगार १९६३ पासून संघटना बांधायला धडपडत होता. त्या वर्षी त्याच्यासह ३३ जणांना कामावरून काढलं. पुढे संघटनेला राष्ट्रीय महासंघाची शाखा म्हणून जो क्रमांक मिळाला तो १७३३, त्यातले ३३ हे ते काढलेले लोक. जोन्सने नोकरी गेल्यावरही काम सोडलं नाही. पण दीड डॉलरवर जगणाऱ्या माणसांकडून दर महिन्याला दारोदार जाऊन वर्गणी गोळा करणं म्हणजे काय असतं? मुकादम बघत असतो कोण कोणाशी बोलतं. कुणाचं पोर आजारी, कुणाचं भाडं थकलेलं. चार महिन्यांत यादी रिकामी होते. वर्गणी पगारातून आपोआप कापली गेली की संघटना दर महिन्याला नव्याने जन्माला यायची गरज उरत नाही. लोबना हे पक्कं कळत होतं. पगार एकदा वाढवून विषय मिटवता येतो. वर्गणी कापायला लागलं की समोर कायमचा एक पक्ष उभा राहतो, आणि त्याच्याशी दरवर्षी बोलावं लागतं.

कासरा

'सार्वजनिक सेवेत संप बेकायदा' यावरून एक आठवण. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक तंट्यांचं विधेयक आलं, त्यात काही संप गुन्हा ठरणार होते. बाबासाहेबांनी तेव्हा जो युक्तिवाद केला तो मेम्फिसच्या या भांडणाला जसाच्या तसा लागू पडतो. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणं आणि नाही म्हटलं तर शिक्षा करणं ही गुलामी आहे, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, असं ते म्हणाले होते. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. ज्यांचे आजे-पणजे खरोखर गुलाम होते त्या मेम्फिसच्या माणसांना 'तुम्हाला काम नाकारता येणार नाही' हे वाक्य कसं ऐकू आलं असेल, याचा विचार करतोय.

धागा मेम्फिसचाच राहू दे, फक्त हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सीताबर्डी

या संपाचा एक धागा थेट आमच्या नागपुरात येतो. नागपुरात वाढूनही मला ते चाळिशीत कळलं.

संपाला पाठिंबा द्यायला मेम्फिसच्या दीडशेच्या आसपास धर्मगुरूंनी मिळून जी समिती काढली, तिचे अध्यक्ष रेव्हरंड जेम्स लॉसन. हे लॉसन तरुणपणी कोरियाच्या युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले होते. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनतर्फे १९५३ मध्ये नागपूरला आले, हिस्लॉप कॉलेजात. तीन वर्षं होते. मुलांना खेळ शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सत्याग्रहाचा अभ्यास. गांधीजींना जाऊन पाच-सहा वर्षंच झाली होती, त्यांच्यासोबत काम केलेली माणसं भेटत होती, आणि सेवाग्राम काही लांब नाही. डिसेंबर १९५५ मध्ये मॉन्टगोमेरीत बसवर बहिष्कार सुरू झाला, ती बातमी लॉसन यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली.

१९५६ मध्ये ते परत गेले. पुढच्या वर्षी ओहायोत किंग यांची भेट झाली. मी शिक्षण पूर्ण करून दक्षिणेत येईन असं लॉसन म्हणाले, तेव्हा किंग यांनी थांबू नका, आत्ताच या, असा आग्रह धरला. मग नॅशव्हिल. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे दिले, अगदी तालमी घेऊन : कुणी थुंकलं तर काय करायचं, खुर्चीवरून ओढलं तर डोकं कसं वाचवायचं. १९६० मध्ये फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या जेवणाच्या काउंटरवर जी धरणी झाली त्यांत ही मुलं पुढे होती आणि त्यापायी लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठातून काढलं गेलं. १९६२ पासून ते मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चमध्ये होते. किंग मेम्फिसला आले ते लॉसन यांनी बोलावलं म्हणून.

लॉसन २०२४ च्या जूनमध्ये गेले, ९५ वर्षांचे होऊन.

दुपारपाळी

सीताबर्डी, हे माहीत नव्हतं! वाचून अंगावर काटा आला. याला एक गाठ माझ्याकडून : मॉन्टगोमेरीच्या ज्या बहिष्काराची बातमी लॉसन यांनी नागपुरात वाचली, तो उभा करणाऱ्यांत ई. डी. निक्सन होते, आणि ते पुलमन कंपनीच्या रेल्वेतल्या झोपण्याच्या डब्यांवरचे कामगार, संघटनेतले पक्के कार्यकर्ते. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला दिली नाही म्हणून अटक झालेल्या रोझा पार्क्सना जामिनावर सोडवायला तेच गेले होते. म्हणजे नागरी हक्कांच्या चळवळीत कामगार संघटना नंतर आली असं नाही, ती पहिल्यापासून आत होती.

कासरा

संपातल्या फलकाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. 'आय ॲम अ मॅन'. ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, शेकडो माणसं, प्रत्येकाच्या छातीवर तेच चार शब्द, आणि 'ॲम' खाली रेघ.

याचं मराठी काय करायचं यावर मी बरेच दिवस अडलोय. 'मी माणूस आहे' असं आपण सहज करतो आणि ते चूकही नाही. लॉसन यांनी कामगारांना सांगितलं होतं की वंशवादाच्या मुळाशी माणूस हा माणूसच नाही ही कल्पना आहे. पण इंग्रजी फलकात आणखी एक अर्थ आहे. दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुष साठीचा झाला तरी गोरा माणूस त्याला 'बॉय' म्हणायचा. पोरा, इकडे ये. त्या हाकेला हे उत्तर आहे : मी पोर नाही, मी बाप्या माणूस आहे. घरचा कर्ता आहे.

पुलमनच्या डब्यांवर तर सगळ्या कामगारांना प्रवासी 'जॉर्ज' म्हणायचे, कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन म्हणून. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी रीत. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची संघटना बांधली, कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. बारा वर्षं.

आपल्याकडे गावात म्हाताऱ्या माणसाला पाटलाचं दहा वर्षांचं पोर 'अरे' म्हणून हाक मारतं आणि म्हातारा 'जी' म्हणतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा फलक शब्दकोशाशिवाय कळेल.

माळावरचा

कासरा, मी पाहिलंय. तो म्हातारा माझा आजा होता.

आणि माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. एकतीस वर्षं. शेवटची नऊ सोडली तर रोजंदारीवर. दुपारपाळीने लिहिलंय ना, दारात कपडे उतरवायचे, ते वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि थोडा वेळ गच्चीत जाऊन उभा राहिलो. आमच्या घराच्या मागे एक दगड होता, त्याच्यावर आबा बसायचे आणि आई लांबून पाणी ओतायची. आम्ही पोरं तेवढा वेळ आत. आंघोळ झाल्याशिवाय ते आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत. मला खूप दिवस वाटायचं की आबांना आम्ही आवडत नाही.

टोपलं डोक्यावर असायचं. पावसाळ्यात त्यातलं पाणी खाली यायचं. आई त्यांच्या सदऱ्याच्या गळ्याला आतून जाड फडकं शिवायची.

मेम्फिस कुठे आहे हे मला आज नकाशात बघावं लागलं. बाकीचं काही बघावं लागलं नाही.

अबोली

माळावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आबांना नमस्कार सांगा.

गिरणगाव८२

धागा उत्तम. पण एक प्रश्न टाळू नये असं वाटतं. संप जिंकला तो किंग मारले गेले म्हणून, की कामगारांच्या ताकदीवर? मी गिरणी कामगाराच्या घरातला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आमच्या घरात कधी संपलाच नाही. अडीच लाख कामगार होते, एकजूट होती, गावाकडून धान्य येत होतं. तिथेही पगाराइतकाच कळीचा प्रश्न मान्यतेचा होता, कायद्याने एकाच संघटनेला कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क दिला होता आणि कामगारांना ती नको होती. ताकद होती, तरी हरलो. मेम्फिसचे १३०० जण जिंकले. मला हे खरंच समजून घ्यायचंय.

दुसरं, अमेरिकेतल्या कितीतरी संघटनांनीच कृष्णवर्णीयांना दारं बंद ठेवली होती ना? कुशल कामाच्या संघटनांत गोरेच.

दुपारपाळी

गिरणगाव८२, दुसऱ्याचं आधी. होय. रँडॉल्फ आपल्याच महासंघाच्या अधिवेशनांत उभे राहून वर्षानुवर्षं हेच विचारत राहिले. १९४१ मध्ये संरक्षण उद्योगात कृष्णवर्णीयांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा रूझवेल्ट यांना त्या उद्योगांत भेदभाव बंद करणारा आदेश काढावा लागला. १९६३ चा तो प्रसिद्ध मोर्चा त्याच कल्पनेतून आला आणि त्याच्या नावातच आधी 'नोकऱ्या' आहे, मग 'स्वातंत्र्य'. हे आपण नेहमी विसरतो.

आता पहिला प्रश्न. मी यावर पुष्कळ विचार केलाय. माझं मत असं की हत्येने तोडगा लवकर आला, पण तोडग्यात काय असणार हे कामगारांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

क्रमाने बघा. २२ फेब्रुवारीला शेकडो कामगार नगरसभेच्या दालनात जाऊन बसले आणि उठले नाहीत. बायकांनी तिथेच पाव कापून सँडविच केली, सगळ्यांना वाटली. नगरसभेच्या समितीने मान्यतेची शिफारस करायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण सभेने हात झटकले आणि विषय महापौरांवर सोडला. तेरा सभासदांत कृष्णवर्णीय तीन. कामगार मोर्चाने परत निघाले तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर आणि सोबतच्या धर्मगुरूंवर डोळे जाळणारा मेसचा फवारा मारला. मला वाटतं खरं वळण इथे आहे. तोपर्यंत शहरातले मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय, शिक्षक, दुकानदार, चर्चचे लोक, जरा अंतर राखून होते. कचरेवाल्यांचा संप होता तो. डोळ्यांत फवारा गेल्यावर सगळ्या शहराचा झाला. दोन दिवसांत लॉसन यांची समिती उभी राहिली, शहराच्या मध्यवर्ती बाजारावर बहिष्कार सुरू झाला, दोन्ही वर्तमानपत्रं घेणं बंद झालं, लोब कुटुंबाच्या लाँड्र्यांवरही बहिष्कार. क्लेबॉर्न टेम्पल या चर्चमधून रोज मोर्चा निघायचा. चर्चमध्ये रोज रात्री कचऱ्याच्या मोठ्या डब्यात पैसे गोळा व्हायचे, त्यावर घरं चालली.

हा माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग आहे. कामगार १३०० होते, पण बाजारात खरेदी न करणारे कितीतरी हजार होते. दुकानदारांचा तोटा महापौरांना दिसत होता.

किंग १८ मार्चला पहिल्यांदा आले. मेसन टेम्पल या चर्चमध्ये हजारो माणसं दाटीवाटीने बसली होती. इतक्या श्रीमंत देशात माणसाने उपाशी मजुरीवर जगावं हा गुन्हा आहे, असं ते म्हणाले, आणि सगळ्या शहराने एक दिवस काम बंद ठेवावं अशी हाक दिली. तो दिवस २२ मार्च ठरला आणि त्या दिवशी मेम्फिसमध्ये कधी पडत नाही असा बर्फ पडला. मोर्चा पुढे ढकलून २८ मार्च.

गिरणगाव८२

आणि २८ मार्चला दगडफेक झाली. त्याने नुकसानच झालं की.

टेनेसीकर

मी गेली अकरा वर्षं मेम्फिसच्या जवळ राहतो, म्हणून थोडं लिहितो.

२८ मार्चला बील स्ट्रीटवर मोर्च्याच्या मागच्या बाजूच्या काही मुलांनी काचा फोडल्या. हे झालं, नाकारण्यात अर्थ नाही. फलकांच्या काठ्याच त्यांनी वापरल्या. पण पोलिसांनी त्यानंतर जे केलं ते काचा फोडणाऱ्यांपुरतं नव्हतं. माणसं चर्चमध्ये पळाली तर अश्रुधूर चर्चमध्ये सोडला. लॅरी पेन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घातली, तो गेला. सुमारे ४००० नॅशनल गार्डचे सैनिक शहरात उतरले. नुकसान म्हणजे काय याची यादी करताना काच आणि लॅरी पेन एका ओळीत लिहू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी, २९ मार्चला, कामगार पुन्हा निघाले. एका बाजूला संगिनी रोखलेले सैनिक, दुसरीकडे चिलखती गाड्या, मधून फूटपाथवरून एकामागे एक ही माणसं, छातीवर तोच फलक. जगाने पाहिलेला फोटो तो आहे. आदल्या दिवशी मार खाऊन दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने चालायला निघणं, यात मला लॉसन यांची शिकवण दिसते, आणि सीताबर्डींचं वाचल्यावर आता नागपूरही दिसेल.

२८ तारखेच्या गोंधळामुळेच किंग परत आले, शांततेने मोर्चा काढून दाखवायचा म्हणून. ३ एप्रिलच्या रात्री वादळ होतं, तरी त्यांचं ते शेवटचं भाषण ऐकायला लोक मेसन टेम्पलमध्ये आले. ४ एप्रिलचं आपल्याला माहीत आहे. ८ एप्रिलला कोरेटा स्कॉट किंग यांनी मोर्चाचं नेतृत्व केलं, नवऱ्याच्या अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी. सुमारे ४२००० माणसं मेम्फिसच्या रस्त्यांवरून एक शब्द न बोलता चालली.

दुपारपाळी

आभार, टेनेसीकर. तोडगा १६ एप्रिलला झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मजूर खात्याचे उपमंत्री जेम्स रेनल्ड्स यांना मध्यस्थीला पाठवलं होतं. काय मिळालं ते बघा : संघटनेला मान्यता. मजुरीत मे महिन्यापासून १० सेंट आणि सप्टेंबरपासून आणखी ५ सेंट. बढतीत भेदभाव नाही, तक्रारीची रीतसर पद्धत. आणि वर्गणी! शहर थेट पगारातून कापणार नाही, हा लोब यांचा हट्ट राहिला. मग कामगारांच्या पतपेढीने ती कापून संघटनेकडे द्यायची असा मार्ग निघाला. पगारवाढीसाठी पैसे नाहीत म्हटल्यावर एब प्लाउ या स्थानिक उद्योजकाने नाव न सांगता रक्कम दिली.

क्लेबॉर्न टेम्पलमध्ये कामगारांनी एकमताने हा तोडगा स्वीकारला. गिरणगाव८२, म्हणून मी म्हणते की कलमं त्यांची होती. १२ फेब्रुवारीला जे मागितलं तेच १६ एप्रिलला मिळालं. किंग गेले त्या दिवशी कामगार दोन महिन्यांच्या जवळ उपाशीपोटी टिकून होते. ते आधीच फुटले असते तर हत्येनंतर मध्यस्थी करायला कुणी उरलंच नसतं.

गिरणगाव८२

हे पटतं. बहिष्काराचा मुद्दा जास्त पटला. आमच्या वेळी गिरण्या बंद पडल्या तर मालकाला जमीन दिसत होती, तोटा वाटायचं कारणच नव्हतं. इथे कचरा साठत होता आणि दुकानं ओस पडत होती. अजून विचार करतो.

अबोली

या सगळ्यात बायका सँडविचपुरत्या येऊ नयेत म्हणून दोन गोष्टी टाकते. दोन्ही दक्षिणेतल्याच.

१८८१, अटलांटा. गुलामी कायद्याने संपून सोळा वर्षं झालेली. शहरातल्या कृष्णवर्णीय बायका बहुतेक घरांचे कपडे धुवायच्या, घरी नेऊन, पाणी भरून, साबण स्वतः करून. जुलैत वीसएक जणींनी संघटना काढली आणि एकसारखा दर मागितला : बारा पौंडांना एक डॉलर. घरोघर, चर्चमधून निरोप जात जात काही आठवड्यांत हा आकडा तीन हजारांवर गेला. काहींना अटक झाली, दंड झाले. शहराने धमकी दिली की प्रत्येक धोबिणीला २५ डॉलरचा परवाना घ्यायला लावू. बायकांनी महापौरांना पत्र लिहिलं : परवान्याचे पैसे भरू, पण मग शहरातलं सगळं धुणं आमच्या ताब्यात, आमच्या दराने. मतदानाचा हक्क नसलेल्या, बहुतेक निरक्षर बायका, आणि सरकारने दाखवलेल्या बडग्यातच हक्क शोधतायत.

आणि १९६९, चार्ल्स्टन. मेम्फिसच्या दुसऱ्याच वर्षी. रुग्णालयातल्या बारा कामगारांना काढलं म्हणून चारशेच्या आसपास कामगार संपावर, जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय बायका. पुढारी मेरी मोल्ट्री, स्वतः त्याच रुग्णालयात रुग्णसेवा करणारी. कोरेटा किंग तिथेही गेल्या. शंभराहून जास्त दिवस चालला. बारा जणींना परत घेतलं, पगार वाढला, पण संघटनेला मान्यता मिळाली नाही. दुपारपाळीचा मुद्दा इथे उलट बाजूने दिसतो. मान्यता नसल्यामुळे तिथली संघटना पुढे टिकली नाही.

सीताबर्डी

धुणेवालींचं पत्र फारच आवडलं. अबोली, यावर स्वतंत्र धागा काढच.

टेनेसीकर, माझी मुलगी डिसेंबरमध्ये कामानिमित्त मेम्फिसला जाणार आहे. तिने काय बघावं?

टेनेसीकर

लॉरेन मोटेल आता राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. आत तशाच जुन्या कचऱ्याच्या ट्रकसमोर फलक घेतलेल्या कामगारांचे पुतळे आहेत. पूर्ण दिवस काढायला सांगा.

क्लेबॉर्न टेम्पल मात्र आता बघता येणार नाही. २८ एप्रिल २०२५ च्या पहाटे ते जळालं. वर्षानुवर्षं पडीक राहिल्यावर डागडुजी चालली होती. आग मुद्दाम लावल्याचं नंतर तपासात निघालं. मी त्या आठवड्यात गाडी घेऊन तिकडे गेलो होतो. रस्ता अडवलेला होता, जळकट वास होता, आणि लोक कुंपणाला टेकून नुसते उभे होते. तिथे शेजारीच २०१८ मध्ये चौक केलाय, तेच चार शब्द माणसाहून उंच अक्षरांत, आणि संपात उतरलेल्या कामगारांची नावं भिंतीवर कोरलेली. चौक आहे. मुलीला तिथे नक्की जायला सांगा. नावं वाचायला वेळ लागतो, घाई करू नये.

दुपारपाळी

नावांवरून शेवटचं एक राहिलंय. निवृत्तिवेतन. तोडग्यानंतर या कामगारांना शहराच्या निवृत्तिवेतनाऐवजी केंद्राच्या सामाजिक सुरक्षा योजनेत घातलं गेलं. तेव्हा ते बरं वाटलं. म्हातारपणी कळलं की त्यावर घर चालत नाही. एल्मोर निकेलबेरी हे संपातले एक कामगार, कोरियाच्या युद्धात लढून आलेले. ते ऐंशी उलटल्यावरही रात्री मेम्फिसमध्ये कचऱ्याची गाडी चालवत होते. २०१७ मध्ये शहराने संपातल्या हयात कामगारांना प्रत्येकी ५० हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं. तेव्हा जिवंत होते चौदा.

माळावरचा

काल सुट्टी होती म्हणून गावी गेलो होतो. आबांना फोनवर ते २९ मार्चचं चित्र दाखवलं आणि इथलं सगळं थोडं थोडं सांगितलं. किंगबद्दल, नागपूरच्या लॉसनबद्दल. ते गप्प ऐकत होते. पतपेढीतून वर्गणी कापायची युक्ती त्यांना फार आवडली, हसले. म्हणाले, आमच्या जाधवाला सुचायला पाहिजे होतं.

मग परत त्या पहिल्या दोघांचं विचारलं. नावं दोनदा म्हणून घेतली, इकॉल कोल, रॉबर्ट वॉकर. किती वयाचे होते म्हणाले. नंतर आईने चहा आणला आणि विषय बदलला. निघताना मी चप्पल घालत होतो तेव्हा ते दारात आले आणि विचारलं, आता तिथं पाऊस आला तर त्यांना थांबू देतात का कुणाच्या ओसरीला?

टेनेसीकर, तुम्हाला कधी कुणी कामगार भेटला तर विचाराल का? मला आबांना कळवायचं आहे.

टेनेसीकर

आमच्याकडे मंगळवारी गाडी येते. विचारतो.